मार्गदर्शक म्हणून विक्षिप्त संशोधक : ज्यूल व्हर्नचा कॅप्टन नेमो

प्रास्ताविक :
फ्रेंच कादंबरीकार ज्यूल व्हर्न (१८२८-१९०५) यांच्या साहित्याशी मराठी बालवाचकांचा परिचय घडविण्यात भा. रा. भागवत यांच्या अनुवादांचा मोठा वाटा आहे. बालवाङ्मय म्हणून वाचल्या गेलेल्या या कादंबऱ्यांत ज्ञान देणारा व घेणारा यांच्या नात्याचा गंभीर विचार आढळतो. कॅप्टन नेमो या व्यक्तिरेखेच्या आधारे त्याचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

नेमोची दोन रूपे :
'समुद्राखाली वीस हजार लीग' (१८६९-७०) या कादंबरीत नेमो हा विजेवर चालणाऱ्या 'नॉटिलस' पाणबुडीचा निर्माता आहे. प्राध्यापक आरोनाक्स यांना तो बारा हजार ग्रंथांचे ग्रंथालय खुले करतो व यंत्ररचना समजावून देतो. मात्र परतण्याची मुभा देत नाही. येथे गुरूच बंदिपाल ठरतो.

'गूढ बेट' (१८७४-७५) मध्ये हे नाते पालटते. बेटावर अडकलेल्या पाच जणांना नेमो अज्ञात राहून साहाय्य करतो. अवजारांची पेटी, चाच्यांच्या जहाजाचा नाश, तापाने मरणोन्मुख झालेल्या हर्बर्टसाठी क्विनीन, असा त्याचा हस्तक्षेप केवळ प्राणसंकटी व निकडीच्या वेळी होतो. विटा भाजणे, लोखंड गाळणे ही कामे ते अभियंता सायरस स्मिथच्या मार्गदर्शनाखाली स्वतः शिकतात.

विक्षिप्तपणाचे मूळ :
व्हर्न यांनी प्रथम नेमोला पोलिश कल्पिले होते. प्रकाशक एत्झेल यांना ते मान्य झाले नाही. पुढे तो बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर असल्याचे उघड होते. १८५७च्या उठावात पराभव व कुटुंबाचा नाश पाहिलेला डक्कर विज्ञानाचा आश्रय घेतो. त्याची विक्षिप्तता स्वभावजन्य नसून शोकजन्य आहे.

समारोप :
मृत्युसमयी नेमो स्मिथला ज्वालामुखीच्या धोक्याची सूचना देतो. पण त्याच्याच इच्छेनुसार 'नॉटिलस' त्याच्या देहासह बुडविली जाते. प्राण वाचविणारा हा गुरू आपली विद्या मात्र मागे ठेवत नाही. भिवंडीसारख्या यंत्रमागाच्या शहरात हातचे कसब जाणत्या कारागिराशेजारी उभे राहून शिकले जाते. तेथे ही उणीव विशेष जाणवते. शिष्याला स्वतः धडपडू देणे आणि आपली विद्या त्याच्या स्वाधीन करणे, या दोहोंनीच अध्यापन पूर्ण होते. नेमोला यांपैकी पहिलेच साधले.