सुपाऱ्या त्याच, मांडणी वेगळी

रोवणीच्या तोंडावर आमच्या गटातल्या एका ताईंना गर्भाशयमुखाचा कॅन्सर निघाला. नागपूरला शेक सुरू झाले, आणि आठवड्यातून एकदा सलाईनमधून औषध. घरचे म्हणाले, "शेक चालूच आहेत, मग ही ओकारी आणणारी सुई कशाला?" गाडीभाड्याचं कर्ज गटाचं होतं, म्हणून उत्तरही आम्हीच शोधलं.

औषधाचं नाव सिसप्लाटिन. त्यात प्लॅटिनम असतं. आपल्याला धातू म्हटलं की डोंगरी बुजुर्गच्या खाणीतलं मँगनीज आठवतं. धातू शिरेतून देतात हे ऐकून आम्हीही दचकलो.

पूजेचा चौरंग डोळ्यांपुढे आणा. मधोमध प्लॅटिनमचा अणू. दोन कोपऱ्यांवर सुपारी, म्हणजे क्लोरीन. दोनांवर हळकुंड, म्हणजे अमोनिया. सुपाऱ्या शेजारी-शेजारी मांडल्या तर सिसप्लाटिन. तिरप्या समोरासमोर मांडल्या तर ट्रान्सप्लाटिन. सामान तेच, वजन तेच, पण कॅन्सरवर पहिलंच चालतं. अशा जोडीला समघटक म्हणतात. मधल्या धातूभोवतीची ही मांडणी आल्फ्रेड वेर्नर यांनी १८९३ मध्ये सांगितली, १९१३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

पेशीत गेल्यावर सुपाऱ्या गळतात आणि मोकळ्या झालेल्या जागांनी प्लॅटिनम डीएनएला धरतं. पऱ्ह्यांची पेंडी उचलताना दोन्ही हात एकाच बाजूला लागतात ना? तसंच. शेजारच्या दोन जागा पकडल्या की डीएनए वाकतो, पेशीची दुसरी पेशी होत नाही, ती मरते. हात दोन दिशांना ताणलेले असतील तर ही पकड बसत नाही.

हा चौरंग सपाट, म्हणून त्याला डावं-उजवं नाही. काही संयुगं मात्र चपलेच्या जोडासारखी असतात. आतड्याच्या कॅन्सरवरचं ऑक्सॅलिप्लाटिन त्यातलं, तिथे एकाच पायाची चप्पल वापरतात!

१९६५ मध्ये अमेरिकेत बर्नेट रोझेनबर्ग जंतूंवर विजेचा परिणाम पाहत होते. जंतू लांबत गेले, पण दुभंगेनात. ते काम विजेचं नव्हतं, विजेच्या पट्ट्यांमधून सुटलेल्या प्लॅटिनमचं होतं.

आता घरच्यांचा प्रश्न. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तिसऱ्या टप्प्यातल्या ८५० बायांवर अभ्यास झाला, तो २०१८ मध्ये छापून आला. नुसत्या शेकावर पाच वर्षांनी शंभरातल्या ४६ जणी जिवंत होत्या, शेकासोबत सिसप्लाटिन घेतलेल्यांत ५४. शंभरात आठ बाया, म्हणजे जवळपास एक अख्खा बचत गट.

औषध मूत्रपिंडाला आणि कानाला त्रास देऊ शकतं, म्हणून आधी रक्त तपासतात आणि सलाईन भरपूर चढवतात. लघवी कमी झाली, कानात शिट्टी वाजू लागली, तर पुढच्या पाळीची वाट न पाहता डॉक्टरांना सांगायचं. ताईंच्या सासूबाईंनी हे ऐकून घेतलं आणि दुसऱ्या सोमवारी त्याच सोबत निघाल्या, पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन.