पत्ता : फुटपाथ

साल १९८६. भायखळ्याच्या एका बँकेत मी नुकताच ऑफिसर म्हणून रुजू झालो होतो. सेव्हिंग्ज खाती माझ्याकडे होती. एके दुपारी, काउंटर बंद व्हायच्या बेताला, तीन बायका आत आल्या. एकीने पदराची गाठ सोडून चुरगळलेल्या नोटा आणि चिल्लर माझ्या टेबलावर ठेवली. म्हणाली, ‘साहब, खाता खोलने का है.’

मी फॉर्म पुढे ओढला. नाव झाले, नवऱ्याचे नाव झाले. पुढचा रकाना पत्त्याचा. ‘लिखो ना, डिमटिमकर रोड, फुटपाथ.’ माझे पेन थांबले. खोली नंबर? नाही. रेशनकार्ड? नाही. मग ओळख कोण देणार? त्या काळी नवे खाते उघडताना जुन्या खातेदाराची फॉर्मवर सही लागे. बाईने मागच्या दोघींकडे बोट दाखवले. ‘ये मेरे को पहचानती है, मैं इसको पहचानती हूँ. दस साल से बाजू में रहते हैं.’ त्या दोघींचेही खाते कुठे नव्हते. मी फॉर्म परत खणात टाकला आणि नियम सांगितला. बाईने पैसे मोजून पुन्हा गाठीला बांधले.

नियमाने पाहाल तर मी चुकलो नव्हतो. पुढच्या नोकरीत मी मंजूर केलेली काही कर्जे बुडाली. त्या सगळ्या कर्जदारांना पक्के पत्ते होते.

ते दिवस फुटपाथवाल्यांना वाईट होते. १९८१च्या पावसाळ्यात सरकारने त्यांची झोपडी मोडून त्यांना गावी पाठवण्याचा घाट घातला होता. ते प्रकरण कोर्टात गेले. ऑल्गा टेलिस खटला म्हणून ते प्रसिद्ध आहे. जुलै १९८५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. जगण्याच्या हक्कात पोट भरण्याचा हक्क येतो, हे न्यायालयाने मान्य केले; पण फुटपाथ ही राहण्याची जागा नव्हे, पावसाळा संपल्यावर झोपड्या हटवता येतील, असेही सांगितले. निकालाच्या पहिल्या अर्ध्याचे वकील आजही कौतुक करतात. फुटपाथवरच्या माणसाला मात्र दुसरा अर्धा आधी ऐकू आला.

सगळे लोक ३१ ऑक्टोबरची वाट पाहत होते, तेव्हा भायखळ्याच्या म्युनिसिपल दवाखान्यामागच्या एका गॅरेजमध्ये वेगळेच काही चालले होते. १९८४ साली सुरू झालेल्या ‘स्पार्क’ या संस्थेच्या शीला पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे बस्तान मांडले होते. त्यांनी फुटपाथवरच्या बायकांनाच बरोबर घेऊन सुमारे ६,००० कुटुंबांची मोजणी केली. कोण कुठून आले, काय काम करते, किती वर्षे इथे आहे, असे प्रश्न विचारले. ‘हे सगळे भिकारी आणि चोर’ अशी आपल्यासारख्यांची समजूत असते. मोजणीत निघाले हमाल, हातगाडीवाले, फेरीवाले, घरकाम करणाऱ्या बाया. शहराला लागणारी स्वस्त मेहनत कामाच्या अगदी शेजारी झोपत होती.

त्यातूनच १९८६मध्ये ‘महिला मिलन’ उभे राहिले. त्यांना साथ मिळाली जोकिन अर्पुथम यांच्या झोपडपट्टीवासीयांच्या राष्ट्रीय फेडरेशनची. ट्रॉम्बेच्या जनता कॉलनीतून १९७६ साली सुमारे ७० हजार माणसे हलवली गेली, तिथून हा माणूस आलेला. घर तुटल्यावर काय होते, हे त्यांना कुणी शिकवायला नको होते. २००० साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

मी त्या गॅरेजमध्ये गेलो तो वर्षभरानंतर. खरे कारण सांगायचे तर कादंबरीसाठी एक पात्र शोधत होतो. पण नजर खिळली ती हिशेबावर. बहुतेक बायकांना लिहिता-वाचता येत नव्हते. म्हणून प्रत्येकीची एक प्लॅस्टिकची पिशवी, आणि पिशवीत रंगीत कागदाचे तुकडे. एक रंग म्हणजे एक रक्कम. पैसे भरले की पिशवीत तुकडा पडे. पिशवी उघडली की बचत डोळ्यांसमोर. आमच्या लेजरपेक्षा ते सोपे होते, आणि फसवायला जास्त कठीण. कारण हिशेब तपासणारी बाई शेजारच्याच झोपडीत राहायची.

कर्जाचेही तेच. मूल आजारी, पोलिसांनी हातगाडी नेली, गावाकडे कुणी गेले, अशा वेळी पैसे लागत. आमच्या बँकेत तारण विचारले असते. इथे शेजारणी विचारत, ‘काल तुझ्या घरी चूल पेटली होती का?’ ज्या घरचा धूर रोज दिसतो, त्या घरची पत वेगळी काढावी लागत नाही. अर्थात भांडणे व्हायची. कुणी पैसे थकवले की गल्लीभर बोभाटा. त्याला आम्ही ‘वसुली’ म्हणत असू आणि त्यासाठी वकिलाची नोटीस पाठवत असू.

मला जास्त चकित केले ते घराच्या आराखड्याने. बायकांनी आधी आसपासच्या वस्त्या आणि इमारती पाहिल्या, मग आपले घर आखायला बसल्या. त्यांना फूट-इंच कळत नव्हते. त्यांनी साड्या लावून मापे घेतली. दहा बाय पंधराची खोली, पण उंची चौदा फूट, म्हणजे मध्ये माळा टाकता येईल. वर पोरे झोपतील, खाली मशीन चालेल. संडास त्यांनी घरात मागितला नाही. एवढ्याशा खोलीत तो नको, बाहेर काही घरांत मिळून एक असावा, तो सांभाळू आम्ही, असे त्यांचे म्हणणे. आर्किटेक्टला हे सुचले नसते. मग त्यांनी खऱ्या मापाचे घर बांधून रस्त्यावर प्रदर्शन मांडले आणि दुसऱ्या वस्त्यांना बोलावले. धारावीच्या बायका भायखळ्याला, भायखळ्याच्या रेल्वेलगतच्या वस्त्यांत, अशी ही विद्या हातोहात पसरली. शिकवणारी कोण, तर कालची शिकणारी.

त्याचा उपयोग पुढे रेल्वेच्या कामात झाला. रूळ वाढवायचे, गाड्यांचा वेग वाढवायचा, तर रुळांलगतच्या झोपड्या हलवणे भाग होते. फेडरेशनने आधीच घरोघर मोजणी करून ठेवली होती. २००० सालानंतर पंधरा हजारांवर कुटुंबे हलली, आणि कितीतरी ठिकाणी लोकांनी आपली झोपडी आपल्याच हाताने उतरवली. तोवर मुंबईत झोपडी हटवायची म्हणजे बुलडोझर आणि लाठ्या एवढेच ठाऊक होते.

फुटपाथवाल्यांना मात्र खूप थांबावे लागले. १९९५च्या योजनेत, १ जानेवारी १९९५पूर्वीचा पुरावा असल्यास, पुनर्वसनाला ते पात्र ठरले. तो पुरावा कुठून आला? रेशनकार्डांसाठी घातलेल्या खेपांतून, मोजणीच्या कागदांतून. मानखुर्दला मिलननगर उभे राहिले, पण पहिल्या पिशवीत रंगीत तुकडा पडल्यापासून तिथे चावी मिळेपर्यंत दीड-दोन दशके गेली. मधल्या काळात काहीजणी वारल्या.

मिळालेले प्रत्येक घर चांगलेच असते, असेही मी म्हणणार नाही. मानखुर्द-गोवंडीकडच्या पुनर्वसनाच्या काही वसाहती पाहाव्यात. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड. इमारती इतक्या चिकटून की खालच्या मजल्यांवर दिवसाही दिवा लागतो. तिथल्या क्षयरोगाचा संबंध या अंधाराशी आहे, असे अभ्यासातून पुढे आले. आकडा पूर्ण करायचा म्हणून भिंती उभ्या केल्या, आणि साडी लावून माप घेणाऱ्या बायकांना विचारले नाही, तर असे होते. माझ्या बँकेच्या दिवसांत आम्हीही ‘टार्गेट’ असेच पुरे करत असू.

२०१४ साली जनधन खाती आली तेव्हा मी नोकरीत होतो. कागदपत्रांची अट सैल झाली, बायकांच्या रांगा लागल्या. मी फॉर्म भरून देत होतो, आणि पत्त्याच्या रकान्यापाशी हात दर वेळी क्षणभर अडखळत होता. ती बाई त्या रांगेत असणे शक्यच नव्हते, तरी मी पाहत होतो.

निवृत्तीनंतर मानखुर्दला गेलो. एका दारावर खोली नंबर, खाली वीजबिल अडकवलेले, त्यावर छापील पत्ता. घरातली बाई माझ्याच वयाची, भायखळ्याच्या फुटपाथवर वाढलेली. तिने चहा दिला. घर आवडते का, विचारले. ‘घर एकदम बढ़िया है, साहब,’ ती म्हणाली. मग तक्रार सांगू लागली : कामे अजून भायखळ्यालाच आहेत. पहाटे उठायचे, गर्दीतून कुर्ला गाठायचे, गाडी बदलायची. पूर्वी काम दारात होते आणि दार नव्हते. सून नोकरी शोधते आहे, इथेच जवळ कुठे मिळाली तर बरे, म्हणाली, आणि कपातला उरलेला चहा पुन्हा गरम करायला उठली.