फाइव्ह-जीची भूक

सकाळी १०० टक्के, संध्याकाळी ११! ऑफिसात हे रडगाणं हल्ली रोज ऐकतेय मी. आणि दोष कुणाला? बिचाऱ्या बॅटरीला! पण मंडळी, खरा खादाड बरेचदा नेटवर्क असतं.

भारतात फाइव्ह-जी आलं १ ऑक्टोबर २०२२ला. त्याचा बराचसा कारभार ३.५ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींवर चालतो. स्पीड झक्कास, पण भिंती ओलांडताना या लहरी दमतात. मग सिग्नल टिकवायला आपला फोन जास्त जोर लावतो. कधी फाइव्ह-जी, कधी फोर-जी अशा उड्या मारत बसतो. काही नेटवर्कवर तर फाइव्ह-जीसोबत फोर-जीचं कनेक्शनही चालू ठेवावं लागतं. म्हणजे एका घरात दोन चुली!

हे नवं नाही. २००७च्या पहिल्या आयफोनमध्ये थ्री-जी नव्हतंच. त्या चिप्स बॅटरी फार खातात, असं स्टीव्ह जॉब्सचं म्हणणं होतं. पुढच्याच वर्षी थ्री-जी आयफोन आला. चिप्स सुधारतात, पण सावकाश.

तोवर मी काय करते? सिग्नल दोन दांड्यांवर आला, की सेटिंग्जमध्ये जाऊन सरळ फोर-जी. आयफोनवाल्यांनी 'फाइव्ह-जी ऑटो' ठेवावं. सिग्नल फुल असेल आणि मोठं डाउनलोड करायचं असेल, तर मात्र फाइव्ह-जीच बरं. काम झटक्यात उरकतं, फोन लवकर विसावतो.

आता तिकीट फोनमध्ये, पैसे फोनमध्ये आणि 'निघाले गं आई' हा कॉलही त्यातूनच. रील दोन सेकंद उशिरा उघडली तर चालेल. रात्री साडेदहाला स्टेशनबाहेर स्क्रीन काळी पडलेली नाही चालणार!