एकाच सभागृहातले तीन अणे

दिल्लीच्या जुन्या संसद भवनात, १४४ खांबांच्या त्या गोल इमारतीत, १९२०च्या दशकात वऱ्हाडचा एक वकील व्हाइसरॉयच्या सरकारला प्रश्न विचारत होता. चौदा-पंधरा वर्षांनी त्याच इमारतीत तोच माणूस सरकारी बाकांवर बसला. १९५९ साली, ऐंशीच्या उंबरठ्यावर, तो तिथे पुन्हा आला. या वेळी समोर सरकार होतं जवाहरलाल नेहरूंचं आणि मतदारसंघ होता नागपूर.

माधव श्रीहरी अणे. विदर्भ त्यांना लोकनायक बापूजी अणे म्हणून ओळखतो. नागपूरचे खासदार म्हटलं की आज गडकरींचं नाव येतं, जरा मागच्या पिढीला जांबुवंतराव धोटे आठवतात. बापूजींचं नाव चटकन कोणी घेत नाही. पण संसदेच्या कागदपत्रांत एका माणसाचा प्रवास इतक्या विलक्षण वळणांनी जाताना मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

१९२७च्या जानेवारीत ही इमारत सुरू झाली तेव्हा तिच्यात तीन अर्धवर्तुळाकार दालनं होती. एक संस्थानिकांसाठी, एक वरिष्ठ सभागृहासाठी आणि तिसरं केंद्रीय विधिमंडळाच्या कनिष्ठ सभागृहासाठी. स्वातंत्र्यानंतर हेच तिसरं दालन लोकसभा झालं. म्हणजे बापूजींच्या बाबतीत इमारतच नव्हे, दालनही एकच. पारतंत्र्यात ते तिथे बसले आणि स्वातंत्र्यातही तिथेच.

पहिल्या काळातली एक गंमत आधी सांगायलाच हवी. त्या वेळच्या वृत्तांतात त्यांच्या नावापुढे ‘वऱ्हाडचे प्रतिनिधी’ असं येतं. बाकीचे सदस्य आपापल्या मतदारसंघाचे, हे मात्र एका प्रदेशाचे प्रतिनिधी. का? वऱ्हाड कागदोपत्री निजामाचं होतं. १८५३ साली इंग्रजांनी ते कर्जापोटी ताब्यात घेतलं आणि १९०२ साली कायमच्या भाडेपट्ट्यानं आपल्याकडे ठेवलं. कायद्याच्या काटेकोर अर्थानं तो ब्रिटिश हिंदुस्थान नव्हताच. मग तिथला माणूस दिल्लीच्या सभागृहात निवडून कसा येणार? त्यावर तोड अशी निघाली : वऱ्हाडच्या मतदारांनी मत द्यायचं, माणूस निवडायचा आणि मग सरकारनं त्यालाच ‘नियुक्त’ करायचं. वणीत जन्मलेले, यवतमाळात वकिली करणारे, टिळकांचे निष्ठावंत अनुयायी असलेले अणे सरकारला जाब विचारायला सभागृहात शिरत ते सरकारच्याच नेमणुकीच्या कागदावर!

जाब विचारून काय होई, हाही प्रश्न आहे. तेव्हाचं सरकार सभागृहाला जबाबदार नव्हतं. मतदानात सरकार हरलं तरी ते पडत नसे. १९२८च्या फेब्रुवारीत लाला लजपतराय यांनी सायमन कमिशनवर बहिष्काराचा ठराव मांडला आणि तो ६८ विरुद्ध ६२ मतांनी मंजूर झाला. कमिशनचं काम तरीही चालूच राहिलं. अशा सभागृहात सदस्याच्या हाती खरं हत्यार एकच उरतं, प्रश्न. सरकारला उत्तर द्यावं लागतं, उत्तर छापलं जातं आणि छापलेलं मागे घेता येत नाही.

छापण्याची ही रीत आजही चालू आहे. सभागृहाच्या मधोमध, अध्यक्षांच्या आसनाखाली वृत्तांत लिहिणारे बसतात आणि काही मिनिटांनी त्यांच्या पाळ्या बदलतात. लघुलिपीत टिपलेलं उतरवलं जातं, सदस्याकडे जातं. सदस्याला ऐकण्या-लिहिण्यातल्या चुका दुरुस्त करता येतात, मात्र बोललेलं बदलून आणखी शोभिवंत करता येत नाही. अध्यक्षांनी एखादा शब्द कामकाजातून काढला तर छापील पानावर त्या जागी चांदण्या येतात आणि खाली टीप. काहीतरी होतं आणि काढलं, एवढं कळतं. जुने खंड चाळताना मला सगळ्यात आवडतात ते निनावी आवाज. कोणी मध्येच ओरडलं आणि कोण ते कळलं नाही, तर वृत्तांतात फक्त ‘एक सन्माननीय सदस्य’. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या दालनातली कुजबुज कानावर येते.

सभागृहाबाहेरचे अणेही तितकेच कर्ते होते. मोतीलाल नेहरू समितीचे ते सदस्य. १९२८ साली ग्वाल्हेरच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. १९३०च्या जुलैत सविनय कायदेभंगात पुसदला जंगल सत्याग्रह. वऱ्हाडात मीठ कुठलं? मग राखीव जंगलातलं गवत कापून कायदा मोडायचा. त्यासाठी तुरुंग. १९३३ साली काही काळ काँग्रेसचे हंगामी अध्यक्ष. पुढे जातीय निवाड्यावरून मदनमोहन मालवीयांबरोबर काँग्रेसपासून वेगळे झाले आणि १९३४च्या निवडणुकीनंतर पुन्हा दिल्लीच्या सभागृहात.

आणि मग १९४१.

त्या वर्षी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी आपल्या कार्यकारी मंडळात आणखी हिंदी सदस्य घेतले. अण्यांकडे परदेशस्थ हिंदी लोकांचं खातं आलं. काही महिन्यांत जपाननं ब्रह्मदेशावर चाल केली आणि लाखो हिंदी माणसं डोंगर-जंगल तुडवत, रोगराईत मरत, मायदेशाकडे निघाली. हा लोंढा याच खात्याच्या वाट्याला आला. वर्षानुवर्षं प्रश्न विचारणाऱ्याला आता उत्तरं द्यायची होती, तीही सत्तेची खरी दोरी हाती नसताना.

८ ऑगस्ट १९४२ला ‘छोडो भारत’चा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गांधीजींना अटक. अणे सरकारातच होते. १६ ऑगस्टला चिमूर आणि आष्टीला उठाव झाला, गोळीबार झाला, पोलीस मारले गेले. मग चिमुरात लष्कर शिरलं आणि बायकांवर अत्याचार झाल्याच्या हकिकती बाहेर आल्या. चिमूर आणि अण्यांचं वणी, दोन्ही विदर्भातली. सेवाग्रामचे प्राध्यापक जयकृष्ण भणसाळी नोव्हेंबरमध्ये थेट दिल्लीला अण्यांच्या बंगल्यावर पोचले. चिमूरला चला, चौकशी करा, ही त्यांची मागणी होती. ती मान्य होईना, तेव्हा ते तिथेच उपोषणाला बसले. सरकारनं त्यांना उचलून परत धाडलं. मग त्यांनी जे उपोषण केलं ते ६३ दिवस चाललं, १२ जानेवारी १९४३पर्यंत.

या पानावर मी दर वेळी थांबतो. ज्यानं जंगलात गवत कापून तुरुंग पत्करला, त्याच्याच दारात एक माणूस अन्नपाणी सोडून बसतो आणि त्याला सरकारातून काही करता येत नाही. माझ्या मते अण्यांनी ऑगस्टमध्येच बाहेर पडायला हवं होतं. पण पुढचंही तितकंच खरं आहे. १० फेब्रुवारी १९४३ला आगाखान पॅलेसमध्ये गांधीजींनी २१ दिवसांचं उपोषण सुरू केलं. त्यांच्या सुटकेला सरकार तयार नव्हतं. १७ फेब्रुवारीला अणे, होमी मोदी आणि नलिनीरंजन सरकार या तिघांनी राजीनामे दिले. मंडळातले बाकीचे हिंदी सदस्य जागेवर राहिले. उशिरा का होईना, अणे उठले.

त्यानंतर सिलोनमध्ये हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी, मग १९४८ ते १९५२ बिहारचे राज्यपाल. इथे बहुतेकांची कारकीर्द संपते. बापूजींची नाही, कारण विदर्भाचा प्रश्न राहिला होता. राज्य पुनर्रचना आयोगापुढे त्यांनी आणि ब्रिजलाल बियाणींनी वेगळ्या विदर्भाची मागणी मांडली. १९५५ साली फाजल अलींच्या या आयोगानं तशी शिफारसही केली. सरकारनं ती स्वीकारली नाही. १ नोव्हेंबर १९५६ला विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले आणि नागपूरची राजधानी गेली.

नागपूरच्या पहिल्या दोन्ही लोकसभांतल्या खासदार होत्या काँग्रेसच्या अनसूयाबाई काळे. आष्टी-चिमूरच्या कैद्यांची फाशी टळावी म्हणून झटलेल्या त्या बाई. १९५८ साली त्या वारल्या आणि त्यांच्या रिकाम्या जागेवर १९५९ साली निवडून आले अणे. चिमूरच्या दुःखाशी इतक्या वेगळ्या बाजूंनी जोडलेल्या दोन माणसांनी लागोपाठ एकाच मतदारसंघाचं प्रतिनिधित्व करावं, याचं मला फार नवल वाटतं.

१९६० साली मुंबई राज्याच्या विभाजनाचं विधेयक संसदेत मंजूर झालं, तेव्हा नागपूरचे खासदार बापूजीच होते. १ मेला महाराष्ट्र झाला, विदर्भ त्यात राहिला. दोन वर्षांनी नागपूरकरांनी ८१ वर्षांच्या या माणसाला पुन्हा अपक्ष निवडून दिलं. मतदारांचा पसारा तोवर केवढा बदलला होता! १९३४ साली साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात केंद्रीय विधिमंडळाचे मतदार जेमतेम १४ लाख होते. १९६२ साली देशात २१ कोटींहून जास्त. दोन्ही याद्यांवर निवडून आलेले लोक मोजकेच.

२६ जानेवारी १९६८ला बापूजी गेले. त्याच वर्षीच्या पद्मविभूषणच्या यादीत त्यांचं नाव आहे. टिळकांवरच्या त्यांच्या ‘श्रीतिलकयशोऽर्णवः’ या संस्कृत महाकाव्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो १९७३ साली, मरणोत्तर. वेगळ्या विदर्भाचं बोलणं त्यांच्या घरात तिथेच थांबलं नाही : नातू श्रीहरी अणे यांनी २०१६ साली महाराष्ट्राच्या महाधिवक्तापदाचा राजीनामा दिला तो वेगळ्या विदर्भाच्या आणि वेगळ्या मराठवाड्याच्या वक्तव्यांनंतर.

केंद्रीय विधिमंडळापासून लोकसभेपर्यंतचे हे वृत्तांत संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात आता कोणालाही घरबसल्या उघडता येतात. सुरुवात १९४२च्या सप्टेंबर अधिवेशनापासून करा. ऑगस्टच्या धरपकडीवर सभागृहात चर्चा चालू आहे आणि अणे सरकारच्या बाजूला आहेत. तिथून १९२८चा खंड काढा आणि मग १९६०चा.