उशिरा बोललेले वराडकर

गोंदियाहून मालवण तालुक्यातलं वराड गाठायचं तर अख्खा महाराष्ट्र ओलांडावा लागतो. पण जून २०१७ मध्ये लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले, तेव्हा ‘आपला माणूस’ म्हणायला अंतर कुणाला आडवं आलं नाही. वडील डॉ. अशोक मूळचे वराडचे, आई मिरियम आयरिश नर्स. लिओ समलिंगी आहेत हे मात्र कौतुकाच्या ओघात आपण जरा भरभर वाचून पुढे गेलो.

त्यांचा फाईन गेल हा पक्ष उजवीकडे झुकलेला, आणि लिओही सुरुवातीला तसेच. २०१० मध्ये समलिंगी जोडप्यांच्या नागरी भागीदारीच्या विधेयकावर संसदेत चर्चा झाली, तेव्हा प्रत्येक मुलाला आई आणि वडील मिळण्याचा हक्क आहे, आणि दोन पुरुषांच्या किंवा दोन स्त्रियांच्या कुटुंब करण्याच्या हक्कापेक्षा तो मोठा आहे, अशी भूमिका त्यांनी मांडली. आज ते भाषण वाचताना अवघडल्यासारखं होतं.

पाच वर्षांनी, १८ जानेवारी २०१५ रोजी, छत्तिसाव्या वाढदिवशी, आरोग्यमंत्री असलेल्या लिओंनी रेडिओवरच्या मुलाखतीत आपण समलिंगी असल्याचं सांगितलं. मंत्रिमंडळापुढे याच विषयाचे निर्णय येणार होते. आपला काही छुपा हेतू आहे असं कुणाला वाटू नये, हे त्यांनी दिलेलं एक कारण. कारणसुद्धा किती सावध! त्याच वर्षी समलिंगी जोडप्यांना मूल दत्तक घेण्याची वाट मोकळी करणारा कायदा झाला आणि मे महिन्यातल्या सार्वमतात ६२ टक्के मतदारांनी समलिंगी विवाहाला होकार दिला. लिओंनी प्रचार केला, पण ही लढाई त्यांनी उभी केलेली नव्हती. सिनेटर डेव्हिड नॉरिस यांनी १९८८ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयात खटला जिंकला, म्हणून १९९३ मध्ये समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा ब्रिटिशकालीन कायदा गेला. तेव्हा लिओ शाळेत होते.

सत्ता आल्यावर मात्र त्यांनी हात आखडता घेतला नाही. जून २०१८ मध्ये, त्या जुन्या कायद्याखाली शिक्षा भोगलेल्यांची पंतप्रधान म्हणून त्यांनी संसदेत माफी मागितली. मार्च २०१९ मध्ये अमेरिकेचे उपाध्यक्ष माइक पेन्स यांच्या घरी ते जोडीदार मॅट बॅरेट यांना घेऊन गेले. पेन्स समलिंगी विवाहाचे जुने विरोधक.

त्याच डिसेंबरात आईवडील आणि मॅट यांच्यासह लिओ वराडला आले. गावाने जोरदार स्वागत केलं. आपल्याकडच्या कलम ३७७ मधला समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा भाग मोडीत निघून तेव्हा जेमतेम सव्वा वर्ष झालं होतं. ते कलमही इंग्रजांनीच दिलेलं, १८६० चं.

पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला आणि चेंडू संसदेकडे गेला. खासदार सुप्रिया सुळे यांनी २०२२ मध्येच त्यासाठी खासगी विधेयक मांडलं होतं. लिओंचं नाव अभिमानाने घेणाऱ्या मराठी खासदारांनी, विशेषतः उजव्या बाकांवरच्या, आता या विषयावर एकदा तरी सभागृहात उभं राहून बोलावं.