गीताचे शब्द व पेटीची साथ मुखोद्गत करण्याची रीत

परिपाठाच्या वेळी गीत सांगणाऱ्या शिक्षकाचा एक हात पेटीच्या भात्यावर, दुसरा स्वरांवर आणि डोळे वहीत, असे दृश्य पुष्कळ शाळांतून दिसते. समोरच्या रांगेत कोण नुसतेच ओठ हालवीत आहे आणि कोणाचा सूर खाली उतरला आहे, हे अशा शिक्षकास कळत नाही. वाऱ्याने वहीचे पान उलटले की गीत तेथेच थांबते. याहून गंभीर गोष्ट अशी की, शिक्षकाच्या तोंडून ऐनवेळी निघालेला चुकीचा शब्द मुले प्रमाण मानतात. तो एकदा चाळीस मुखांत बसला म्हणजे पुढे वर्षभर निघत नाही. यास्तव गीत शिकविण्यापूर्वी ते शिक्षकास खरोखर पाठ असणे अवश्य आहे.

‘खरोखर’ हा शब्द येथे हेतुपूर्वक योजिला आहे. बहुतेकांस गीत पाठ असते ते पहिल्या ओळीपासून. मध्ये कोणी खोकले, रांगेत एखादे मूल घेरी येऊन बसले, तर पुन्हा प्रारंभापासून आरंभ केल्यावाचून पुढची ओळ आठवत नाही. ज्यास गीत कोणत्याही कडव्यापासून उचलता येते, त्यासच ते पाठ आहे असे म्हणावे.

विसर कोठे पडतो हे नीट पाहिले असता असे दिसते की, तो ओळीच्या पोटात क्वचितच पडतो. तो ओळींच्या सांध्यावर पडतो. एक ओळ संपली, पण दुसरीचा पहिला शब्द येत नाही. आपल्याकडील वेदपाठकांनी या सांध्यांची काळजी फार प्राचीन काळापासून घेतलेली आहे. क्रमपाठात पहिले व दुसरे पद, मग दुसरे व तिसरे, मग तिसरे व चौथे, अशा जोड्यांनी पठण करितात. जटापाठात तीच जोडी सरळ, उलट व पुन्हा सरळ म्हणतात. शाळेतील गीतास इतका कडक नियम लावण्याचे कारण नाही. परंतु एका ओळीचे शेवटचे दोन शब्द व पुढील ओळीचे पहिले दोन शब्द, एवढाच तुकडा पाचसहा वेळा म्हटल्यास सांधा पक्का होतो. पाठांतर शेवटच्या कडव्यापासून मागे मागे येत केले तर आणखी लाभ होतो. गाताना जो पुढचा भाग येणार, तो अधिक परिचयाचा असतो, आणि धीर वाढत जातो.

सर्व कडव्यांची चाल एकच असेल, तर चालच जीभ भलत्या कडव्यात नेते. येथे अर्थाचा आधार घ्यावा. हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ साली स्मृतीविषयीचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. बायरन या इंग्रज कवीच्या काव्यातील कडवी पाठ करण्यास त्यास जे श्रम पडले, त्यांच्या सुमारे दसपट श्रम तितकेच निरर्थक अवयव पाठ करण्यास पडले. अर्थ, छंद व यमक ही तिन्ही स्मृतीची साधने होत. अभंगाचे उदाहरण घ्यावे. मोठ्या अभंगात पहिले तीन चरण सहा सहा अक्षरांचे व चौथा चार अक्षरांचा. दुसऱ्या व तिसऱ्या चरणांत यमक. शब्द चुकला की अक्षरसंख्या तरी मोडते किंवा यमक तरी, आणि चूक कानास लागलीच कळते. राज्यगीत म्हणून १९ फेब्रुवारी २०२३ पासून स्वीकारलेले राजा बढे यांचे ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे गीत शिकविताना त्यातील नद्या भिंतीवरील नकाशात बोटाने दाखवून घ्याव्यात. रेवा म्हणजे नर्मदा हे ज्या मुलास ठाऊक झाले, ते त्या जागी दुसरा शब्द घालणार नाही.

आता पाठ कसे करावे? वही समोर धरून वीस वेळा वाचणे, ही सर्वांत प्रचलित व सर्वांत फसवी रीत होय. वाचताना सर्व येते असे वाटते. अमेरिकेतील रोडिगर व कार्पिके या संशोधकांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग येथे ध्यानात घेण्याजोगा आहे. एका गटाने एक उतारा वारंवार वाचला. दुसऱ्याने थोडा वेळ वाचून नंतर तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारा गट पुढे होता. आठवड्यानंतर मात्र त्या गटास सुमारे ४० टक्के मजकूर आठवला, आणि आठवून लिहिणाऱ्या गटास सुमारे ६१ टक्के. म्हणून दोनदा वाचून वही मिटावी आणि आठवेल तसे म्हणावे. अडल्यावर लगेच वही उघडू नये. थोडे झटावे, मगच पाहावे. एका बैठकीत तासभर घोकण्यापेक्षा दहा दहा मिनिटे चार दिवस देणे हितावह.

पेटीच्या साथीत निराळीच अडचण आहे. पुष्कळ शिक्षक बोटांची जागा पाठ करितात, स्वर पाठ करीत नाहीत. शुद्ध स्वरांच्या साध्या गीतास तीन स्वरसमूह, ज्यांस वादक कॉर्ड म्हणतात, बहुधा पुरतात : सा-ग-प, म-ध-सा आणि प-नि-रे. षड्ज पांढरी एकमध्ये धरल्यास हे सर्व स्वर पांढऱ्या पट्ट्यांवर येतात व हात आपोआप चालतो. परंतु मुलांना ही पट्टी खाली पडते म्हणून षड्ज पांढरी चारवर नेला की मध्यम काळी पाचवर जातो, आणि ज्याने केवळ पांढऱ्या पट्ट्या पाठ केल्या त्याचे बोट चुकते. म्हणून स्वरसमूहांचा क्रम षड्ज, मध्यम, पंचम या नावांनीच मुखात बसवावा, आणि मग दोन निरनिराळ्या पट्ट्यांत वाजवून पाहावा.

स्वरसमूह ज्या अक्षरावर बदलतो ते अक्षर वहीत अधोरेखित करावे. शब्द म्हणत त्या अक्षरावर टेबलावर बोटे ठेवावीत. पेटी नसतानाही ही तालीम होते. आधी शब्द, मग चाल, मग हात, हा क्रम मोडू नये. तिन्ही गोष्टी एकदम धरणारा शिक्षक चुकतो तेव्हा चूक कशात झाली हेच त्यास समजत नाही.

मुलांकडून गीत बसवून घेताना हीच रीत चालते. फळ्यावर कडवे लिहून ते म्हणवून घ्यावे, मग एकेक शब्द पुसत जावे. पुसलेल्या शब्दाची जागा मुले मोठ्या आनंदाने भरतात. मधूनच एका रांगेस तिसऱ्या ओळीपासून उचलावयास सांगावे. दिवाळीच्या व उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर पहिल्या दिवशी वही न उघडता गीत म्हणवून पाहावे, आणि जेथे आवाज बारीक होतो तो सांधा टिपून घेऊन दुसऱ्या दिवशी तेवढाच पक्का करावा.