अत्रि कुठे गेले?

घाटकोपरच्या एका आजोबांचं पत्र आलंय. नातवाला गच्चीत नेऊन त्यांनी सप्तर्षी दाखवले. नातवाने मोजले, तर सहाच भरले. चौकोनाला शेपटी जिथे जोडली जाते तिथला गायब. तारा विझला का, असं नातू विचारतो.

विझला नाही. तो अत्रि. चौकोनात क्रतू, पुलह, पुलस्त्य आणि अत्रि. शेपटीत अंगिरा, वसिष्ठ, मरीची. यातले सहा साधारण दुसऱ्या प्रतीचे. अत्रि एकटा ३.३ प्रतीचा, आणि उपनगरातलं आकाश बहुतेक रात्री तिसऱ्या प्रतीपाशीच संपतं.

प्रतीचा हिशेब उलटा असतो. लोकलच्या डब्यांसारखा: पहिला वर्ग वरचा, दुसरा खालचा. टॉलेमीने सुमारे १९०० वर्षांपूर्वी ताऱ्यांची यादी केली तीही अशीच. ठळक ते पहिल्या प्रतीचे, जेमतेम दिसणारे सहाव्या. या अंदाजपंचे वर्गांना गणित दिलं नॉर्मन पॉगसनने, १८५६ मध्ये. पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात शंभरपट, म्हणून एका प्रतीला साधारण अडीचपट. हा पॉगसन पुढे १८६१ मध्ये मद्रासच्या वेधशाळेत आला आणि मरेपर्यंत तिथेच राहिला. आल्या वर्षीच त्याने तिथून एक लघुग्रह शोधला आणि त्याचं नाव ठेवलं एशिया! अशा माणसावर मराठीत कुणीतरी नीट लिहायला हवं.

अंगिरा १.८ प्रतीचा. म्हणजे अत्रि त्याच्यापेक्षा दीड प्रतीने, चौपट मंद. मग अत्रि जास्त लांब असेल, असं कुणालाही वाटेल. पण नाही. मधले पाच ऋषी खरोखरीचे एका कुळातले आहेत, आपल्यापासून सुमारे ८० प्रकाशवर्षांवर, आणि एकाच दिशेने प्रवास करताहेत. टोकाचे क्रतू आणि मरीची मात्र परके, आणखी लांबचे. अंतराची सबब गेली, तर उरतं ते खरं तेज: अंगिरा सूर्याच्या सुमारे शंभरपट, अत्रि जेमतेम पंचवीसपट. जेमतेम म्हणतोय खरा, पण आपला सूर्य तिथे नेऊन ठेवला तर तो सातव्या प्रतीच्या आसपास जाईल. मग घाटकोपर सोडा, वांगणीच्या अंधाऱ्या माळावरूनही नुसत्या डोळ्यांना दिसायचा नाही.

अशी सोयीची कुळं नेहमी सापडत नाहीत. म्हणून खगोलशास्त्रज्ञ प्रत्येक तारा कागदावर दहा पार्सेकवर, म्हणजे ३२.६ प्रकाशवर्षांवर आणून ठेवतात. तिथून तो जेवढा दिसेल ती त्याची निरपेक्ष प्रत. आपल्याला इथून दिसते ती दृश्य प्रत. व्याध तारा इथून उणे १.४६, अगस्त्य उणे ०.७४. दोघांना एका अंतरावर आणा: व्याध घसरतो १.४ वर, अगस्त्य चढतो उणे साडेपाचच्या आसपास. व्याध हा आकाशातला सर्वांत ठळक तारा, पण तो केवळ शेजारी म्हणून.

आता नातवासाठी. एप्रिल-मे महिन्यांत रात्री नऊनंतर उत्तरेला तोंड करून उभं राहावं. अत्रि तेव्हा पन्नास अंशांच्या आसपास असतो, त्यामुळे टॉवर आड येत नाहीत. (ध्रुव बिचारा १९ अंशांवर, तो येतोच.) पाण्याच्या टाकीच्या सावलीत पंधरा-वीस मिनिटं मोबाइल न बघता थांबायचं आणि अत्रिच्या जागेकडे सरळ न पाहता जरा बाजूला पाहायचं, मंद उजेड डोळ्याच्या कडेला जास्त कळतो. हवा दमट असली तर शहराचा उजेड आकाशभर पसरतो, तेव्हा हट्ट करू नये. पावसाने हवा धुऊन निघते, पण तोवर सप्तर्षी संध्याकाळीच मावळतीला लागलेले असतात.

वसिष्ठाशेजारची अरुंधती चौथ्या प्रतीची, उपनगरातून तिला दुर्बीणच हवी. लग्नात गुरुजी वधूवरांना ती भर दुपारी हॉलच्या छताकडे बोट करून दाखवतात, आणि दोघंही दिसली म्हणतात.